बाराव्या बाकाचा पाय

कोणत्याही समाजाची उंची त्याच्या शाळेवरून मोजावी, असं थोर माणसं सांगतात. आमच्या वस्तीत ती सुताराने टेपने मोजली. वरची शाळा खालच्या शाळेपेक्षा दीड इंच उंच भरली. सुतारणीने ती पुन्हा मोजायला लावली, या वेळी मागच्या गटाराच्या तळापासून. तेव्हा खालची शाळा चांगली वीतभर वर गेली, आणि त्या दिवशी घरात वेळेवर चूल पेटली.

वस्ती एकच. मधून ओढा, आणि ओढ्याच्या दोन्ही अंगांना एकेक सरकारी प्राथमिक शाळा. अंतर इतकं की वरची घंटा झाली की खालची मुलं दप्तर आवरायला लागायची. पूर्वी कधीतरी शाळा कुठल्या अंगाला बांधायची यावरून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांची तोंडं बघायचं सोडलं होतं. सरकारने कंटाळून दोन बांधल्या. म्हातारे गेले, शाळा राहिल्या, आणि ते तोंड न बघणं पुढच्यांच्या वाट्याला आलं.

सुतार खालच्या अंगाला राहायचा. त्याचा धाकटा भाऊ गवंडी. लग्नानंतर तो वेगळा निघाला आणि त्याने वरच्या अंगाला घर बांधलं. आपल्या हाताने बांधलं, आणि दारं-खिडक्या मात्र बाहेरून आणल्या. हे सुतार विसरला नव्हता. सुताराची मुलगी बारकी खालच्या शाळेत तिसरीत, गवंड्याची बबडी वरच्या शाळेत तिसरीत. दोघी रोज ओढ्यावरच्या साकवावर पाय सोडून बसायच्या आणि एकमेकींचा डबा खायच्या. पोरींमध्ये काहीच वाद नसल्यामुळे त्यांच्या आयांना जास्त मेहनत घ्यावी लागायची.

ती मेहनत सुतारीण मनापासून घ्यायची. वरच्या शाळेला नळ होता, खालच्या शाळेला रांजण. वरच्या शाळेच्या भिंतीवर रंगवलेला हत्ती होता. खालच्या शाळेच्या भिंतीवर ओल होती, आणि नीट बघितलं तर तिचा आकारही हत्तीसारखाच दिसतो, असं मास्तर मुलांना पटवून द्यायचे. वर नव्या बाई होत्या, स्कूटरवर यायच्या, मुलांना टाळ्या वाजवून गाणी शिकवायच्या. खाली मास्तर होते. दुपारी त्यांचा डोळा लागायचा. पण पाढा म्हणताना कुणी अडखळलं तर डोळे न उघडता ते फक्त "पुन्हा" म्हणायचे, आणि सगळा वर्ग पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. त्यामुळे खालच्या मुलांचे पाढे असे पक्के होते की झोपेतही सुटायचे नाहीत. निदान मास्तरांच्या झोपेत तरी.

"पाढे भिंतीवर दिसत नाहीत," सुतारीण म्हणायची. "दिसतो हत्ती."

त्या उन्हाळ्यात शाळा उघडायच्या आठ दिवस आधी वारा सुटला. दुपारभर धूळ उडाली, आणि संध्याकाळी बघतात तर खालच्या शाळेच्या छपराचे अकरा पत्रे शेतात जाऊन पडले होते. त्यांतले दोन पत्रे ओढ्याच्या पलीकडे, वरच्या अंगाला मिळाले. वरच्यांनी ते प्रामाणिकपणे परत आणून दिले, आणि आणताना चारचौघांतून वाजवत आणले. सुतारणीला त्यापेक्षा त्यांनी चोरलेले चालले असते.

वरिष्ठ कचेरीतून निरोप आला की दोन-दोन छपरांना पैसे घालण्यात अर्थ नाही. एवढ्या मुलांना एक शाळा पुष्कळ. साहेब येऊन दोन्ही शाळांची तुलना करतील. एक राहील. दुसरीला कुलूप.

म्हणजे आता प्रश्न सरळ होता. बबडीने बारकीच्या शाळेत यायचं, की बारकीने बबडीच्या शाळेत पाहुण्यासारखं जाऊन उभं राहायचं. सुतारणीला आयुष्यात याहून मोठा प्रश्न पडला नव्हता. नवरा कसा मिळेल याचीही तिने इतकी काळजी केली नव्हती, आणि ते दिसतंच होतं, असं ती स्वतःच म्हणायची.

त्यात वरच्या शाळेला बाकं मंजूर झाली. बारा बाकं, बसायची फळी आणि लिहायची फळी एकाच सांगाड्यात. साहेब यायच्या आत हवीत. आणि दोन्ही अंगांना मिळून सुतार एकच.

नव्या बाई मोजमाप सांगायला अंगणात आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबर धाकटी जाऊ, म्हणजे गवंड्याची बायको, आली. ती वरच्या शाळेच्या पालक समितीवर होती. त्या समितीत काय चालतं कुणाला ठाऊक नव्हतं, पण तेव्हापासून ती पदर वेगळा घ्यायला लागली होती. अंगणात एकच स्टूल होतं, सुताराचं, रंधा मारताना टेकायचं. बाईंनी ते घ्यावं म्हणून सुताराने पुढे केलं, बाई नको म्हणाल्या, आणि धाकटी जाऊ त्यावर बसली. बसल्यावर तिने एकदा इकडे, एकदा तिकडे वजन टाकून बघितलं.

"भाऊजी, जरा मजबूत करा हं," ती म्हणाली. "आमच्या मुलांना आता टेकून बसायची सवय लागणार."

खालच्या शाळेतली मुलं जमिनीवर पट्ट्या अंथरून बसायची. सुतारणीने पाण्याचा तांब्या आणला तो जावेसमोर न ठेवता बाईंसमोर ठेवला, आणि जावेला विचारलं, बबडीला बाराचा पाढा येतो का गं आता. जाऊ म्हणाली, बाई म्हणतात पाठांतरापेक्षा समज महत्त्वाची. सुतारीण म्हणाली, असेल बाई, न येणाऱ्याला समज तरी हवीच.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. सकाळी ऊन अंगणात उतरायच्या आत करवत, ऊन डोक्यावर आलं की छपरीत रंधा. सुतार रंधा मारायचा तो खांद्याने नाही, कमरेने. चौथ्या दिवशी कमर धरली. सुतारीण पॉलिश कागद घेऊन फळ्या घासायला बसायची. भुसा घामावर चिकटून तिचे हात कोपरापर्यंत पिवळे दिसायचे. नाकात, केसांत, पाण्याच्या भांड्यात भुसा. बारकी गुण्या धरून उभी राहायची. काटकोन चुकला की बापाच्या आधी तिला कळायचं, आणि ती बोलायची नाही, नुसती ओठ दुमडायची. ही खोड मास्तरांची.

"दुसऱ्यांच्या पोरांच्या बुडाखाली जाणारी फळी घासतेय मी," सुतारीण म्हणायची. "गुळगुळीत करतेय. टोचू नये म्हणून."

सुतार म्हणायचा, अगं, काम ते काम. ती म्हणायची, हो ना, आणि जोर करून घासायची, त्यामुळे फळ्या फारच चांगल्या झाल्या.

सहाव्या दिवशी तिने आपली छोटीशी इच्छा बोलून दाखवली. बाराही बाकं मजबूत होऊ देत. एकच, पुढचं, ज्यावर साहेब बसतील, ते जरा डुगडुगलं तर कुणाचं काय जाणार आहे? पोरांना काही होणार नाही. साहेबांच्या अहवालात मात्र एक ओळ येईल. सुतार उठून ओसरीत गेला आणि पाणी पिऊन आला. वयाच्या चौदाव्या वर्षापासून त्याच्या हातून वाकडी वस्तू गेली नव्हती. त्याने केलेल्या पाळण्यातली पोरं आता स्वतः पाळणे सांगायला यायची. तो म्हणाला, हे पुन्हा बोलू नकोस. ती नुसती घासत राहिली, आणि ते बोलण्याहून वाईट होतं.

अकरा बाकं उभी झाली, बारावं सांगाड्यावर होतं, तेव्हा गवंडी आला. बायकोने पाठवलं होतं. बाकं बघून ये म्हणाली होती. चार माणसं अंगणात होती. कुंभार होता, दूधवाला होता. गवंड्याने आधी दादाच्या कमरेची चौकशी केली, मग पिशवीत हात घातला आणि पाणसळ काढली. गवंडी भिंत ओळंब्याला लावतो आणि फरशी पाणसळीला. ती काचेची नळी, तिच्यात पाणी, पाण्यात बुडबुडा. बुडबुडा मधे आला की काम सपाट. ती त्याने एकेक करून सुताराच्या अकरा बाकांवर ठेवली. प्रत्येकावर वाकून, एक डोळा मिटून बघितलं.

"ठीक आहे," शेवटी तो म्हणाला. "सगळी ठीक आहेत."

त्याला वाटलं त्याने कौतुक केलं. कुंभाराने सुताराच्या तोंडाकडे बघितलं आणि दूधवाल्याला घेऊन निघून गेला. सुताराच्या बाकावर गवंड्याने पाणसळ ठेवायची, चारचौघांत, आणि पास करायचं. सुतारणीने दारातून सगळं बघितलं होतं.  तिने करवत पुसून नवऱ्याच्या हाताशी ठेवली.

बाराव्या बाकाचा उजवीकडचा पुढचा पाय सुताराने दोन सूत कमी केला. आठ सुतांचा एक इंच होतो, म्हणजे दोन सूत काही फार नव्हे. डोळ्याला दिसत नाही, बसणाऱ्याला कळतं. कापलेली चकती त्याने चुलीत टाकली. कापतानाही त्याने काटकोनातच कापली, वाकडं कापणं हाताला जमलं नाही.

साहेब येणार त्याच्या आदल्या दिवशी बाकं बैलगाडीतून वर गेली. सुतार बरोबर गेला. बारावं बाक त्याने सगळ्यांत पुढे, दारालगत लावलं. बाहेरून येणारा माणूस तिथेच टेकेल, असं. वर्गाची फरशी नवीन होती, गवंड्याने घातलेली, चकचकीत. सुताराने तिच्याकडे मुद्दाम बघितलं नाही.

साहेब भरल्या अंगाचे होते आणि उन्हाने दमलेले होते. आधी खालच्या शाळेत गेले. तिथे छप्पर नसल्याने मुलं भिंतीच्या सावलीत बसली होती, आणि सावली सरकेल तशी पट्ट्यांसकट सरकत होती. मास्तर जागे होते. साहेबांनी सतराचा पाढा विचारला, बारकीने म्हटला. गंमत म्हणून उलटा विचारला, तिने उलटा म्हटला. साहेबांनी फाइल डोक्यावर धरली आणि कौतुकाने मान हलवली, पण मान भाजत असल्यामुळे ते तिथे फार थांबले नाहीत. कुंपणापाशी उभी असलेली सुतारीण इतकी खुलली होती की तिने धाकट्या जावेला आपणहून हाक मारली.

मग सगळे वर गेले. साहेब दारातून आत आले आणि दारालगतच्या बाकावर बसले. बसले म्हणजे त्यांनी अंग सोडूनच दिलं. सुतारणीने खिडकीचा गज धरला. सुताराने जमिनीकडे बघितलं.

बाक हललं नाही.

साहेबांनी रुमालाने मान पुसली, डावीकडे झुकून हत्ती बघितला, उजवीकडे झुकून नव्या बाईंचं गाणं ऐकलं, मागे टेकून पाय लांब केले. बाक दगडासारखं उभं. साहेबांनी फळीवर थाप मारून विचारलं, हे कुणी केलं? धाकट्या जावेने आमच्याच भाऊजींनी म्हणून सांगितलं, आणि 'आमच्याच'वर असा जोर दिला की सुतार वरच्या अंगाचा झाला.

घरी जाताना सुतारीण नवऱ्याच्या दहा पावलं पुढे चालत होती. नवऱ्याने ऐन वेळी कच खाल्ली आणि पाय कापलाच नाही, असं तिचं ठाम मत झालं. सुतार मात्र विसरलेला टेप आणायच्या निमित्ताने परत फिरला. वर्ग रिकामा होता. तो गुडघ्यावर बसला आणि बाकाच्या आखूड पायाखाली अंगठा फिरवला. फरशी तिथे उचललेली होती. त्याने टेप लावला नाही. अंगठ्याला कळलं. दोन सूत. गवंड्याने दारालगतची लादी दोन सूत उचलून बसवली होती, आणि धाकट्याची चूक थोरल्याच्या लबाडीखाली बरोबर टेकू देऊन उभी होती.

सुताराला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता. पाणसळ घेऊन फिरतो, आणि फरशी ही अशी. साकव ओलांडेपर्यंत तो आनंद टिकला. मग त्याच्या लक्षात आलं की हे कुणाला सांगायचं तर आधी पाय किती कापला ते सांगावं लागेल. तेव्हा तो आनंद त्याने गिळला, आणि तो पोटात काही नीट बसला नाही.

पंधरा दिवसांनी चार पानांचा अहवाल आला. 'दोन शाळांची तुलना' असं वर ठळक लिहिलेलं. पाढ्यांत आणि वाचनात खालची शाळा सरस. छप्पर, पाणी आणि बसण्याची सोय यांत वरची शाळा सरस. बसण्याच्या सोयीला एक पूर्ण परिच्छेद होता. त्यावरून ठरलं होतं की इमारत वरची राहील, मुख्य म्हणून मास्तर वर जातील, नव्या बाई लहान मुलांना शिकवतील. खालच्या शाळेला कुलूप. वस्तीतल्या प्रत्येकाने आपल्याला हवं ते पान वाचलं. बसण्याच्या सोयीचा परिच्छेद सुतारणीने दोनदा वाचला, आणि तिच्या घासलेल्या फळ्यांनीच तिची शाळा घालवली हे तिला कळलं. त्या दिवशी चूल उशिरा पेटली.

खालची मुलं येऊन संख्या वाढली तशी वर्गाची मांडणी बदलावी लागली. दारातून येण्याजाण्याला वाट हवी म्हणून मास्तरांनी दारालगतचं बाक उचलून खिडकीपाशी सपाट लादीवर नेलं. वरची मुलं आपापल्या जागी आधीच बसलेली होती. खालून शेवटी आलेल्यांना जे उरलं ते मिळालं. खिडकीपाशी बारकी आणि कुंभाराची मुलगी बसल्या.

महिनाभराने एकदा मधल्या सुट्टीत साकवावर दोन्ही पोरींची दप्तरं पडलेली होती आणि सुतारीण तिथून चालली होती. बबडीची वही तिने बघितली ती सहज, म्हणजे उघडून, शेवटपर्यंत. ओळीवर ओळ, शिस्तीत. मग बारकीची उघडली. प्रत्येक ओळीत मधेच अक्षर दचकून उडी मारत होतं आणि पुन्हा खाली येत होतं. जी मुलगी गुण्या धरून उभी राहायची, तिची वही. सुतारीण वही घेऊन घरी आली, नवऱ्यासमोर टाकली आणि म्हणाली, "बघा. महिन्यात पोरगी वाया घालवली त्यांनी."

सुताराने पान बघितलं. उडी दर वेळी सारखीच होती. तिची उंची त्याला माहीत होती.

तो म्हणाला, असू दे, मी उद्या बघतो. पण सुतारीण तोपर्यंत अंगणाच्या बाहेर पडली होती. दोन दिवस धरलेली कमर तशीच घेऊन तो तिच्या मागे निघाला.

वर्गात शुद्धलेखन चाललं होतं. धाकटी जाऊ समितीच्या कामाने, म्हणजे खिडकीला पडदा लावायला, आली होती. गवंडी मागच्या टाकीचा ओटा लिंपत होता, आवाज ऐकून हात धुऊन आत आला. सुतारीण मास्तरांना अदबीने म्हणाली की आमच्या पोरीला मुद्दाम मागे टाकलंय, तिला बबडीच्या बाकावर बसवा आणि बबडीला इथे. मास्तर म्हणाले, बाकं सगळी सारखीच आहेत हो. मग तिने खिडकीपाशी जाऊन लिहायच्या फळीवर हात टेकला. बाक टक् करून एका अंगाला गेलं. तिने हात उचलला, टक् करून परत आलं.

"बघितलंत? फुटकं ते आमच्या वाट्याला."

"जाऊबाई," धाकटी पडद्याची दोरी दातातून काढत म्हणाली, "ते कुणी केलंय, ते भाऊजींनाच विचारा की."

सुतारीण वळली. इतका वेळ तिच्या मनात नव्हतं ते आता तिच्या तोंडावर हळूहळू आलं. नवऱ्याने कच खाल्ली नव्हती तर. तिने ओठ घट्ट मिटले. पण गवंड्याने पिशवीतून पाणसळ काढली होती. ती त्याने बाकावर ठेवली, एक डोळा मिटला. बुडबुडा एका टोकाला जाऊन रुसून बसला. लादीवर ठेवली. मधोमध.

"दादा," तो म्हणाला, "लाकूड ओलं होतं का?"

सगळा वर्ग बघत होता. हो म्हणण्याएवढंच काम होतं. सुताराने हो म्हणायला तोंड उघडलं, पण लाकडाची बदनामी त्याच्याने होईना.

"ओलं नव्हतं," तो म्हणाला. "हेच बाक साहेबांखाली हललं नव्हतं. आठवतंय? दारालगत होतं. तिथे ठेवून बघ तुझी पाणसळ. लादीवर." बोलताना त्याचा अंगठा हवेतच फरशी चाचपल्यासारखा फिरला.

गवंड्याने दाराकडे बघितलं. दोन पावलं टाकली. मग मधेच थांबला, दादाच्या अंगठ्याकडे बघितलं, आणि नळीवरची धूळ पुसून पाणसळ पिशवीत घातली.

"जुनी झालीय ही," तो म्हणाला. "बुडबुडा हल्ली खोटं बोलतो."

"होतं असं," सुतार म्हणाला.

किती वर्षांनी दोघा भावांचं एखाद्या गोष्टीवर एकमत झालं. बायकांना त्यात काहीतरी शिजल्याचा वास आला, पण काय ते कळेना, तेव्हा त्या पुन्हा ओळखीच्या वाटेला लागल्या. सुतारणीने मास्तरांच्या टेबलावरचा अहवाल उचलला आणि पाढ्यांचं पान मोठ्याने वाचलं. धाकटीने तो तिच्या हातातून घेऊन बसण्याच्या सोयीचा परिच्छेद वाचला. सुतारणीने परत घेतला. शाळा कुणाची, पोरं कुणाची, अक्कल कुणाची, हत्ती कुणी रंगवला आणि तो रंग उरलेला कुठे गेला, असं करत दोघी पत्रे वाजवत आणण्यापर्यंत मागे गेल्या. मास्तरांनी डोळे मिटले. गवंडी नखातलं सिमेंट काढत राहिला. सुतार त्या पायाकडे बघत राहिला. दोन सुतांना आता पाचर मारायची तर सगळ्यांदेखत गुडघ्यावर बसावं लागणार होतं.

दोघी एकदमच श्वास घ्यायला थांबल्या. तेवढ्यात बारकी उभी राहिली. बोट वर करून उभी राहिली, मास्तरांनी लावलेली सवय.

"आई, तुमचं दोघींचं वाचून झालं की तो कागद इकडे दे ना. चार घड्या घातल्या की पायाखाली बरोबर बसेल. कालचा पुठ्ठा झाडताना गेला."